शेवगावहून हलणारा बाण

हळू चालणाऱ्या कामाचा एक फायदा असतो. वाट बघता बघता माणसं बोलायला लागतात. आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर झटपट चालला असता, तर आज सांगायला माझ्याजवळ यातला एकही किस्सा नसता! अजूनही जुन्या कुणाची गाठ पडली की एक किस्सा निघतो, त्याच्या मागे दुसरा येतो, आणि कपातला चहा निवून जातो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरला सावेडीत एका दूध संघाच्या ऑफिसात मी ऑपरेटर होते. आमचं खातं जनावरांच्या आजारपणाचं. गाय-म्हैस आजारी पडली की गावातला माणूस जवळच्या केंद्रावर येऊन सांगणार, केंद्रावरची बाई कॉम्प्युटरवर कॉल लिहिणार, आणि आमच्याकडून डॉक्टरांची जीप सुटणार. नगरच्या आसपासचे कॉल मी लिहायचे. शेवगावच्या बाजूचे कॉल सुनंदा लिहायची, शेवगावात बसून.

गंमत अशी, की सगळी माहिती होती माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये. शेवगावचा कॉम्प्युटर मोडेममधून त्याला फोन लावायचा, आणि एका सॉफ्टवेअरमुळे आमचा पडदा तिकडे दिसायचा. सुनंदाने तिकडे माऊस हलवला की इकडे, रिकाम्या खुर्चीसमोर, पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागायचा!

पहिल्या दिवशी तो बाण हलला, तेव्हा मी हातातलं काम सोडून बघत राहिले. दुपार होती. पंखा फिरत होता, खिडकीबाहेर कडुनिंबाची सावली हलत होती. आणि जिला मी कधी पाहिलं नाही अशी एक बाई, दोन तासांच्या एस.टी.च्या रस्त्यापलीकडून, माझ्यासमोर एक एक रकाना उघडत होती. झोपेत चालणाऱ्या माणसासारखा तो बाण चालायचा. थोडा जायचा, थांबायचा, कुठे आलो ते आठवल्यासारखं करायचा, पुन्हा निघायचा.

बघायला छान होतं. कामाला अजिबात छान नव्हतं!

एक कॉल लिहायला पाव तास लागायचा. कॉल उशिरा आला की जीप उशिरा, आणि जीप उशिरा की जनावर हातचं जायचं. आमचे मॅनेजर भोसले सर मनाने वाईट नव्हते, पण शिव्या त्यांनाच बसायच्या. त्यांनी उन्हाळ्यातच सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघतो. नाही सुधारलं तर शेवगावचं टेबल बंद. सगळे कॉल नगरलाच घेऊ."

सुनंदाला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ताई, दिवाळी झाली की आमच्याकडं ट्रक भरत्यात."

तिच्या घरची माणसं दर वर्षी ऊसतोडीला जायची. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, तिला एक कोयता म्हणतात. सुनंदा दहावी पास, वर टायपिंगची परीक्षा दिलेली. ह्या टेबलामुळे ती गेली दोन वर्षं मागे राहिली होती, आणि तिची मुलगी शाळेत जात होती. टेबल गेलं असतं तर सुनंदा ट्रकमध्ये, आणि मुलगीही तिच्याबरोबर. रोज नगरला येऊन जाऊन करणं तिला शक्यच नव्हतं.

तेव्हा दिवाळीपर्यंत तो बाण पळता करायचा होता. त्यासाठी पुण्याहून दीक्षित नावाचे इंजिनिअर यायचे. चाळिशीचे, शांत, शर्टाच्या खिशाला तीन पेनं.

*

दीक्षितांनी आल्या आल्या विचारलं, "पडद्यावर मागे काय लावलंय?"

मागे धबधबा होता. भोसले सरांनी हौसेने लावलेलं चित्र. हिरवा डोंगर, पांढरं पाणी, खाली तुषार.

"अहो, हा धबधबा रोज फोनच्या तारेतून शेवगावला जातोय!" दीक्षित म्हणाले. "एक एक ओळ करून! खिडकी बंद केली की पुन्हा पहिल्यापासून जातोय!"

त्यांनी धबधबा काढला आणि नुसता राखाडी रंग लावला. पडदा खरंच बराच लवकर उमटायला लागला. आम्ही खूश! तेवढ्यात शेवगावचा बाण थांबला आणि फोन तुटला. दोन मिनिटांनी सुनंदाचाच फोन आला. तिच्याकडे लाईन एकच होती. मोडेम बंद केल्याशिवाय तिला बोलता यायचं नाही.

"जयभीम ताई. धबधबा कुठं गेला?"

"जयभीम. काढला गं. त्याच्यानेच स्लो होत होतं."

"आसं व्हय," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "न्हाई, बरं झालं. पन इथं माणसं बसली हुती ना ताई. कॉल द्यायला येत्यात, ती धबधबा बघायला थांबत्यात. वरनं हळूहळू उतरतो ना. आधी डोंगूर, मग पानी. खालपर्यंत यायला धा मिनटं लागत्यात, तवर कुनी बोलत न्हाई."

मी दीक्षितांकडे बघितलं. त्यांनी विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं.

सुनंदा तिकडून म्हणाली, "आमच्याकडं टँकर आठ दिसांनी येतो ताई. त्याच्यापरीस ह्यो बरा, रोज येत हुता!"

*

धबधबा गेल्यावर सकाळचं काम सुधारलं. पण दुपारी एक ते दोन पुन्हा सगळं गोगलगाय! रोज एकाच वेळी. दीक्षितांनी लाईन तपासली, मोडेम बदलून बघितला. काही नाही. एकला बाण झोपायचा आणि दोनला उठायचा.

एक दिवस ते मुद्दाम जेवणाच्या वेळी आले. मी मागच्या खोलीत डबा खात होते. ते आत आले आणि दारातच उभे राहिले.

"बाई, मासे कुणाचे?"

"मासे नाहीत हो, मेथी आहे," मी म्हटलं.

"डब्यातले नाही. पडद्यावरचे."

ते माझेच होते! जेवायला उठताना मी त्या शेजारच्या कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचे, की पडद्यावर समुद्र यायचा आणि रंगीत मासे फिरायचे. मीच लावले होते. नगरला समुद्र कुठला? जेवून येताना खोलीत शिरलं की काळोखी निळं पाणी दिसायचं, त्यातून एक पिवळा मासा सावकाश वळायचा. दोन मिनिटं दारात उभी राहून मी ते बघायचे, मग कामाला लागायचे. दिवसातली ती दोन मिनिटं माझी होती.

दीक्षित खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तुम्ही उठून गेलात की हा कॉम्प्युटर सगळी ताकद मासे पोहवायला लावतो. शेवगावसाठी काही उरतच नाही. बाई, तुमचे मासे शेवगाव खातायत!"

मी ताबडतोब काढा म्हटलं. तिकडे सुनंदाची दिवाळी जवळ येत होती आणि इकडे मी समुद्र बघत बसले होते, याची फार लाज वाटली.

त्यांनी बटणं दाबली. पाणी गेलं. मी जरा थांबून विचारलं, "एकच ठेवला तर चालेल का? तो पिवळा?"

*

मग एक नवीनच त्रास सुरू झाला. बाण चालता चालता मध्येच उभा राहायचा आणि थरथरायचा. पुढे जाईना, मागे येईना.

त्यालाही कारण मीच निघाले. सुनंदाला रकाना सापडत नाही असं दिसलं की मला राहवायचं नाही. शेजारच्या टेबलावरून हात लांब करून मी माऊस धरायचे आणि बाण योग्य जागी न्यायला बघायचे. त्याच वेळी तिकडे तीही न्यायची. बाण एकच, ओढणाऱ्या दोघी!

दीक्षितांनी सक्त ताकीद दिली, "एका वेळी एकीनेच धरायचा."

मी फोन करून सुनंदाची माफी मागितली. ती हसायला लागली.

"तुमी हुता व्हय त्या? मला वाटलं मशीनलाच कळायला लागलं. ताई, मला तर आपुन दोघी जात्यावर बसल्यावानी वाटायचं. एकच खुंटा, दोघींचे हात."

"हो ना गं," मी म्हटलं. मला भरून आलं. आईच्या जात्याची घरघर कानात आली.

"फकस्त पीठ पडत नव्हतं!" सुनंदा म्हणाली.

*

म्हशीचा किस्सा तर आमच्या डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकायला हवा. ते भिंगारला राहायचे, सकाळी सातला जीप घेऊन निघायचे, आणि कुठल्याही संकटात आवाज चढवायचे नाहीत.

त्या दिवशी लाईन फार वाईट होती. सुनंदाने एका वस्तीवरच्या म्हशीचा कॉल लिहिला आणि सेव्हचं बटण दाबलं. पडद्यावर काही हललं नाही. पुन्हा दाबलं. नाही. मग ती दाबतच राहिली. सगळी दाबणी तारेत कुठेतरी रांग लावून उभी राहिली, आणि लाईन मोकळी झाल्यावर एकदम आत शिरली!

आमच्या यादीत एकाच वस्तीवर चौदा म्हशी आजारी दिसल्या. सगळ्यांना ताप, सगळ्यांचं दूध कमी. डॉक्टरांना वाटलं, साथ आली! त्यांनी जास्तीची औषधं घेतली, पेटीभर सुया घेतल्या, दुसऱ्या डॉक्टरला सोबत घेतलं आणि जीप भरधाव सोडली.

वस्तीवर बाभळीखाली एक म्हैस रवंथ करत बसली होती. शेजारी मालक.

डॉक्टरांनी तिला तपासलं, सुई दिली. मग हात धुता धुता म्हणाले, "चला. बाकीच्या तेरा दाखवा."

मालक घाबरला. "कुठल्या तेरा, सायेब?"

"अहो, कागदावर चौदा आहेत."

मालकाने कागद हातात घेतला. वाचता येत होतं की नाही कोण जाणे, पण तो बराच वेळ बघत राहिला. मग घराकडे तोंड करून ओरडला, "आगं ये! भाईर ये! सरकारदरबारी आपल्या चौदा म्हशी झाल्या!"

आतून बायको म्हणाली, "मग येकटी धार काढनार न्हाई म्या! चौदांसाठी गडी ठेवा!"

भोसले सरांनी तो कागद बघितला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान दिवाळीपर्यंत उलटलं.

*

"नेमका किती वेळ लागतो ते मोजा," दीक्षितांनी नगरला यायच्या आधीच सुनंदाला फोनवर सांगितलं होतं. "बटण दाबल्यापासून पडदा बदलेपर्यंत. रोज लिहून ठेवा. त्याशिवाय सुधारलं की बिघडलं हे कळणार कसं?"

केंद्रावर घड्याळ नव्हतं. सुनंदाच्या हातातही नव्हतं. पण मधल्या सुट्टीत तिची मुलगी शाळेतून यायची आणि टेबलाशेजारी बसायची. पडदा बदलेपर्यंत सुनंदा तिचे केस विंचरायची. बटण दाबलं की वेणी घालायला घ्यायची, पडदा आला की थांबायची. तिने तेच लिहून ठेवलं.

महिनाअखेरीला दीक्षितांनी ते सगळं गोळा करून सरांसाठी छापील रिपोर्ट केला. आकडे जसे आले तसे टाकले, शिस्तीचे माणूस.

सर वाचायला लागले. "धबधबा असताना, तीन वेण्या. धबधबा काढल्यावर, दीड वेणी. मासे काढल्यावर, एक वेणी आणि रिबीन." त्यांनी चष्मा वर केला. "दीक्षित, एक वेणी म्हणजे किती सेकंद?"

दीक्षितांनी मनापासून विचार केला.

"केस धुतलेत की तेल लावलंय त्यावर आहे, सर."

*

दसरा आला. बाण सुधारला होता, पण दर दुपारी एक-दोनदा अडखळायचा, जणू कुणी त्याला हाक मारली आणि तो मागे वळून बघतोय.

दीक्षित शेवगावला गेले. केंद्र एका घराच्या खालच्या खोलीत होतं. वर घरमालकीण राहायच्या, सगळे त्यांना काकू म्हणत. लाईन मुळात काकूंची. त्यांचा मुलगा फौजेत, लांब आसामात, त्याच्यासाठी घेतलेली. केंद्राने त्यातूनच जोडणी घेतली होती, आणि वरचा फोन तसाच राहिला होता. मोडेम चालू असताना काकू वर रिसिव्हर उचलायच्या. मुलाचा फोन आलाय का ते बघायला नव्हे. ऐकायला!

"काय ऐकता, काकू?" दीक्षितांनी विचारलं.

काकू लाजल्या. "ते आवाज करतं ना, वाऱ्यावानी. मंग मधीच शीळ घातल्यावानी. मला त्यातलं काय कळत न्हाई. पन लांबनं कुनीतरी निघालंय, येतंय, आसं वाटतं."

वरचा फोन तोडणं सोपं होतं. दीक्षित पक्कड घेऊन उभे होते. सुनंदानेच त्यांचा हात धरला.

"सर, तोडू नका. पोराचा फोन आला तर?"

मग तिनेच तोड काढली. मोडेम पहिल्यांदा लाईन जोडतो तेव्हा त्याच्या बारक्या स्पीकरमधून तो सगळा आवाज येतो, वारा, शीळ, घरघर. तिने स्पीकर मोठा केला. रोज लाईन जोडायच्या आधी ती जिन्याखालून हाक मारायची, "काकू, या!" काकू खाली येऊन डोळे मिटून बसायच्या. आवाज संपला की पदर सावरून वर जायच्या. पुन्हा दिवसभर फोनला हात लावायच्या नाहीत.

आठ दिवसांनी काकू उठता उठता म्हणाल्या, "आज तुमचं मशीन खोकलं. तार खराब हाय कुठंतरी."

सुनंदाने गमतीत ते मला सांगितलं, मी दीक्षितांना. दीक्षित हसले नाहीत. त्यांनी लाईन तपासायला लावली. आणि खरंच खराब निघाली!

"पुण्यात माझ्याकडे यंत्र आहे हे ओळखायला," ते म्हणाले. "काकूंना न्यायला हवं त्याच्याऐवजी."

*

काकूंना ऐकू आलेला तो खोकला शोधायला लाईनमन निघाला. खांबामागून खांब बघत शेवगावच्या बाहेर गेला. एका घराजवळ तार सैल होऊन पार अंगणात उतरली होती. आणि तिच्यावर दोन लुगडी, एक चादर आणि पोरांचे सदरे वाळत होते. कपड्यांच्या ओझ्याने तार ताणली जायची, वाऱ्याने चादर फुगली की हलायची, आणि आमचा बाण थरथरायचा.

लाईनमन ओरडला, "ओ बाई! ही फोनची तार हाय!"

बाई बाहेर आली. तिने तारेकडे बघितलं, लाईनमनकडे बघितलं.

"आमी कुठं फोन करतो? नुसती तार वापरतो!"

*

आता शेवटचा.

दिवाळीला आठ दिवस राहिले. सरांनी सांगितलं, "सोमवारी अकरा वाजता मी स्वतः बसून बघणार. शेवगावचे दहा कॉल माझ्यासमोर येऊ देत. अर्ध्या तासात आले तर टेबल राहील. नाही तर नाही." तिकडे सुनंदाच्या सासऱ्यांकडे ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला होता. सून येणार का, एवढंच विचारत होता. सासऱ्यांनी सोमवारनंतर सांगतो म्हटलं होतं.

सोमवारी पावणेअकराला सुनंदाचा फोन आला.

"ताई, लाईट गेली."

"मग? ती बॅटरी आहे ना दीक्षितांनी दिलेली?"

"हाय. पन कॉम्प्युटर आन् पडदा दोन्ही लावलं की पाच मिनटात बसती. पडदा काढला तर तासभर निभंल."

"थांब, मी सरांना सांगते. उद्या घेऊ."

"उद्या नको, ताई!" ती एकदम म्हणाली. मग हळू आवाजात, "उद्याला मुकादम येतोय. तुमी काय सांगू नका. लाईन जुळंस्तवर पडदा लावते, मग काढते. कुठला रकाना कुठं हाय ते माझ्या हाताला म्हाईत झालंय. न बघता करते."

फोन ठेवला. अकराला सर आले, खुर्ची ओढून त्या कॉम्प्युटरसमोर बसले, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी मागे उभी. दीक्षित खिडकीशी. त्यांना मी कानात सांगितलं होतं. ते बाहेर कडुनिंबाकडे बघत होते.

बाण आलाच नाही. फॉर्म उघडला तो बटणांनी. गावाचं नाव पडलं. मालकाचं नाव पडलं. गाय, दुसरं वेत, दोन दिवस चारा खात नाही. सेव्ह. पुढचा फॉर्म. अक्षरं अशी यायला लागली, की मी दोन वर्षांत तशी कधी बघितली नव्हती. थांबणं नाही, अडखळणं नाही. पडदा उमटायची वाट बघायची नव्हती ना! सर खुर्चीत पुढे सरकले.

"दीक्षित, हे काय केलंत तुम्ही?"

"मी काही नाही केलं, सर," दीक्षित खिडकीतून म्हणाले.

चौथ्या कॉलला गावाच्या नावात एक अक्षर जास्त पडलं. तिला दिसणार कसं? अक्षरं थांबली. मग दोन अक्षरं मागे खोडली गेली, आणि बरोबर नाव पडलं. मी तोंडावर पदर धरला.

पाच. सहा. सात. आठ. टेबलावरच्या घड्याळात बारा मिनिटं झाली होती.

नववा कॉल एका म्हशीचा. नाव, गाव, कासेला सूज. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात डॉक्टरांसाठी चार शब्द लिहायचे असतात. कधी कधी आम्ही दोघी त्यात एकमेकींना निरोप लिहायचो आणि वाचून खोडून टाकायचो, कारण लाईन एकच. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली.

शेऱ्यात अक्षरं पडायला लागली.

"ताई सर उठले का. एकच राहिला. ते गेले की सांगा म्हंजे रडते."

मी पुढे होणार तेवढ्यात सरांनी हात वर केला. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. खालची रेघ लुकलुकत थांबली होती. तिकडे शेवगावात कुणी कॉल द्यायला आलं असावं.

सरांनी चष्मा पुसला. कीबोर्ड पुढे ओढला. आयुष्यात त्यांनी कधी टाईप केलेलं मी पाहिलं नव्हतं. एका बोटाने ते अक्षर शोधायचे, सापडलं की दाबायचे, मग पुढचं शोधायचे. दीक्षित येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. खोलीत फक्त ते एक बोट वाजत होतं. टक. टक. बराच वेळ लागला.

"सर आहेत. टेबल शेवगावलाच राहील."

सर मागे टेकले आणि उत्तराची वाट बघायला लागले.

तिकडे काळा पडदा होता. लुकलुकणारी रेघ क्षणभर तशीच राहिली. मग सुनंदाने सेव्हचं बटण दाबलं, त्या म्हशीच्या नावावर सगळं जतन झालं, आणि दहावा कोरा फॉर्म उघडून त्यात पहिलं अक्षर पडलं.